देव बोलत नाही, म्हणून अर्ज भरायचा नाही?

पत्र थोडक्यात : वय २९. हिशेबाच्या कामाची कायम नोकरी, पगार बरा. घरी निवृत्त वडील, आई आणि अजून शिकणारा भाऊ. घरखर्चाचा मोठा वाटा हिच्या पगारातून जातो. कर्णबधिर मुलांना शिकवण्याचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करावा, असं बऱ्याच काळापासून मनात आहे. त्यासाठी ती दोन वर्षं प्रार्थना करते आहे, उपासही केले, पण ‘स्पष्ट उत्तर’ मिळालेलं नाही. एकदा डोळे मिटून बायबल उघडलं तर यशया ३०:२१ निघालं, ‘हाच मार्ग आहे, ह्याने चला.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं तर स्तोत्र ४६:१०, ‘शांत व्हा.’ प्रार्थना गटातल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘ही तुझी इच्छा आहे, देवाची नाही.’ आई म्हणते, देवाने सांगितल्याशिवाय पाऊल उचलू नकोस. आता रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरांतही ती खुणा शोधू लागली आहे, रात्री झोप नाही. अर्जाची मुदत महिनाअखेरीला संपते. तिचा प्रश्न : देवाचं मार्गदर्शन मिळालं नसताना अर्ज भरला, तर ते पाप ठरेल का?

प्रिय मैत्रीण,

नाही, पाप ठरणार नाही. अर्ज भर.

मुदत तोंडावर आलेली असताना तुला शेवटच्या ओळीपर्यंत ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. अर्ज भरला म्हणजे नोकरी सोडली, असं होत नाही. अर्ज मागे घेता येतो, प्रवेश मिळाल्यावर नाकारता येतो. तू एका कागदावर एवढं ओझं टाकलं आहेस की तो उचलवत नाही. खरा निर्णय अजून पुढे आहे आणि त्यासाठी तुझ्याकडे वेळ आहे.

आता तुझ्या पत्राकडे वळते. चार पानांच्या पत्रात जवळपास प्रत्येक वाक्यात ‘पण’ आहे. फक्त एका जागी नाही. रविवारच्या शाळेत येणाऱ्या त्या सात वर्षांच्या मुलाबद्दल तू लिहिलं आहेस : सगळी मुलं गीत म्हणत होती आणि त्याने उठून येऊन तुझ्या गळ्यावर तळहात ठेवला, आवाज कसा थरथरतो ते पाहायला. मग दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून त्याने तसाच आवाज काढून पाहिला. पुढे तू त्याच्या आईकडून खुणांची भाषा थोडी थोडी शिकलीस. हे सगळं तू सहज, एका दमात लिहून गेली आहेस आणि लगेच पुढच्या ओळीत विचारतेस, ‘पण देव काही बोलत नाही.’ मला तिथे थांबावंसं वाटलं. देवाचं बोलणं कसं असतं, याचं एक ठरावीक चित्र तू मनात धरून बसली आहेस. त्या चित्रात न बसणारं जे काही येतं, ते तू बाजूला सारतेस. त्या मुलाचा हात ही देवाची वाणीच होती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तो अधिकार मला नाही. पण विचार करताना त्याला बाहेर ठेवण्याचंही कारण दिसत नाही.

डोळे मिटून निघालेली दोन वचनं घेऊ. यशयाचा तिसावा अध्याय तू पहिल्या ओळीपासून वाचलास का? त्याची सुरुवातच फटकाऱ्याने होते. यहूदाचे लोक देवाला न विचारता मिसरची, म्हणजे इजिप्तची, मदत मागायला निघाले होते, त्यांच्यावर परमेश्वर संतापला आहे. म्हणजे तुझ्या आईची बाजूही त्याच अध्यायात आहे! विचारल्याशिवाय धावत सुटू नये, हे खरंच. पण पुढे एकविसाव्या वचनात ती वाणी कुठून ऐकू येते बघ. मागून. उजवीकडे किंवा डावीकडे वळाल तेव्हा मागून कानी पडेल, असं ते वचन आहे. चालणाऱ्या माणसाला ते दिलेलं आहे. आणि स्तोत्र ४६ मधलं ‘शांत व्हा’ तुझ्या अर्जाला उद्देशून नाही. त्याच्या आधीच्याच वचनात देव धनुष्य मोडतो, भाले तोडतो, रथ जाळतो. खवळलेल्या राष्ट्रांना, आणि त्यांच्या धाकात जगणाऱ्यांना, ‘मीच देव आहे’ हे तिथे ऐकवलं आहे. ही दोन वचनं एकमेकांच्या विरोधात नाहीतच. तू त्यांना ‘हो’ आणि ‘नाही’च्या चिठ्ठ्या बनवलंस, म्हणून ती भांडू लागली.

चिठ्ठ्यांवरून आठवलं. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली तरुणपणी अमेरिकेतल्या जॉर्जियात मिशनरी होते. सोफी हॉपकी नावाच्या मुलीशी लग्न करावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. १७३७ च्या मार्चमध्ये त्यांनी प्रार्थना करून तीन चिठ्ठ्या केल्या : लग्न कर, या वर्षी विचार नको, पुन्हा कधीच विचार नको. निघाली तिसरी. मुलीने काही दिवसांतच दुसऱ्याशी लग्न केलं. पुढे वेस्लींनी तिला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवलं, त्यावरून खटला उभा राहिला आणि वर्ष संपण्याआधी ते तिथून निघून गेले. चिठ्ठीने निर्णय दिला, मन मात्र मोकळं केलं नाही. एवढा अभ्यासू, शिस्तीचा माणूस या वाटेला जाऊ शकतो, तर आपण गाड्यांच्या नंबरांपर्यंत पोचलो यात फार लाजण्यासारखं काही नाही. पण तिथून परत फिरायला हवं. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात आहे. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरतो आणि त्यानंतर नव्या करारात पुन्हा कुणी चिठ्ठी टाकलेली दिसत नाही. गिदोनाची लोकर तू पत्रात आणली आहेस : रात्री लोकर बाहेर ठेवून, दव तिच्यावर पडतं की जमिनीवर, यावरून त्याने देवाकडे खूण मागितली. पण देवाने त्याला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं. दव कुठे पडतं ते त्याने पाहिलं, कारण ऐकलेल्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. देवाने त्याला सांभाळून घेतलं, हा देवाचा चांगुलपणा. त्यावरून सगळ्यांनी असंच करावं, असा नियम निघत नाही.

आता त्या ज्येष्ठ बाई. ‘ही तुझी इच्छा आहे, देवाची नाही.’ या वाक्यामागे एक गृहीत आहे आणि ते तूही न तपासता उचललं आहेस : मला मनापासून हवं असेल, तर ते देवाचं असूच शकत नाही. मग पर्शियाच्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याचं काय करायचं? यरुशलेमेची तटबंदी पडलेली आहे हे ऐकून तो रडला, उपास केला आणि किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, प्रार्थना करत राहिला. या सगळ्यात देव त्याच्याशी बोलला, असं कुठेही लिहिलेलं नाही. ना स्वप्न, ना देवदूत, ना संदेष्टा. राजाने विचारलं, ‘तुला काय हवं?’ तेव्हा त्याने मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि मागण्याच सांगितल्या : परत कधी येणार ती मुदत, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं, आणि लाकडासाठी राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला चिठ्ठी. म्हणजे प्रार्थनेच्या त्या चार महिन्यांत त्याने हिशेबही केला होता. पुढे तो म्हणतो, हे करण्याचं माझ्या देवाने माझ्या मनात घातलं. मनात! तू ज्या जागेवर संशय घेतेस, तीच ही जागा.

अर्थात मनात येणारं सगळंच देवाचं नसतं. मनात लोभही येतो, दुसऱ्याची जिरवण्याची हौस येते, कंटाळलेल्या नोकरीतून पळ काढायची इच्छाही येते. इच्छा आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हेही नाही आणि तेही नाही. तिची पारख करावी लागते. एक जुनी आणि कामाची रीत सांगते. इग्नाशियस लोयोला, पुढे जेझुइट संघ स्थापणारा, हा आधी स्पेनचा लढवय्या सरदार. १५२१ मध्ये तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. पराक्रम गाजवून एका उमराव स्त्रीचं मन जिंकण्याची, आणि संतांसारखं सगळं सोडून देवाच्या वाटेला लागण्याची. रंगवताना दोन्हींत मजा वाटे. फरक नंतर जाणवे : पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं पडे, दुसऱ्यानंतर आनंद रेंगाळत राही. पुढे त्याने इतरांसाठी जे नियम लिहिले, त्यांतला एक तुझ्या आत्ताच्या अवस्थेला नेमका लागू आहे : मन उदास, कोरडं, सैरभैर असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. दुसरी त्याची युक्ती अशी की, हाच प्रश्न घेऊन एखादी अनोळखी व्यक्ती तुझ्याकडे आली, जिचं भलं व्हावं एवढंच तुला वाटतं, तर तू तिला काय सांगशील? तेच स्वतःला सांग. मला वाटतं, हे उत्तर तुला ठाऊक आहे.

त्या बाईंनी वाईट हेतूने काही म्हटलं असेल, असं मी समजत नाही. कदाचित त्यांना तुझ्या घरची काळजी वाटत असेल. त्यांना विचार, ‘असं का वाटतं तुम्हाला?’ कारण मिळालं तर ऐकून घे. ‘मला आतून वाटलं’ एवढंच असेल, तर नम्रपणे बाजूला ठेव. हे वाचणाऱ्या इतरांसाठी जरा कडक शब्दांत सांगते, कारण अशी पत्रं येत राहतात. ‘तू याच्याशी लग्न करावंस असं देवाने मला सांगितलं’, ‘तुझी बचत या कामाला द्यावी असं मला दर्शन झालं’, असं कुणी म्हणालं, मग तो पाळक असो, फादर असो की संदेष्टा म्हणवणारा, तर १ राजे १३ वा अध्याय काढून वाचा. देवाने स्वतः दिलेली आज्ञा सोडून एका देवमाणसाने म्हाताऱ्या संदेष्ट्यावर विश्वास ठेवला, कारण तो म्हणाला, ‘देवदूताने मला सांगितलं.’ तो खोटं बोलत होता. वाटेत सिंहाने ज्याला मारलं तो मात्र विश्वास ठेवणारा. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो, संदेशांना तुच्छ मानू नका, पण सगळ्यांची पारख करा. दोन्ही गोष्टी एकाच दमात.

इथे मला तुला एक अवघड प्रश्न विचारायचा आहे. यिर्मया ४२ मध्ये, यरुशलेम पडल्यावर उरलेसुरले लोक संदेष्टा यिर्मयाकडे येतात. मिसरला जावं की इथेच राहावं, देवाला विचार, म्हणतात. बरं वाटो वा वाईट, देव सांगेल तेच करू, अशी शपथही घेतात. दहा दिवसांनी उत्तर येतं : इथेच राहा. तर ते यिर्मयाला म्हणतात, तू खोटं बोलतोस! त्यांचं जायचं ठरलेलं होतं, फक्त वरून शिक्का हवा होता. बहुतेकांची अडचण ही असते. तुझी मला उलटी वाटते. उद्या देवाने स्पष्ट शब्दांत ‘जा’ म्हटलं, तर तुला हायसं वाटेल की पोटात गोळा येईल? आपण वर्गात उभ्या राहू शकू का, तिशीत विशीच्या मुलांबरोबर बसायचं, पगाराशिवाय दोन वर्षं कशी जातील, या भीतीचं नावसुद्धा तुझ्या पत्रात नाही. एवढा मोठा निर्णय आणि भीती वाटत नाही, हे मला पटत नाही. ती ‘मी वाट पाहते आहे’ या वाक्याआड दडली असावी. भीती वाटणं गैर नाही. पण देवाशी बोलताना तिचं नाव घेऊन बोललीस, तर प्रार्थना निदान खरी होईल. ‘सांग, जाऊ का?’ हे तू दोन वर्षं म्हणते आहेस. एकदा ‘मला भीती वाटते आहे’ असं म्हणून बघ.

‘दार उघडलं तर देवाचं, बंद झालं तर देवाचं नाही’ हा हिशेबही तू केला आहेस. पौलाचा प्रवास याला जुमानत नाही. आशिया प्रांतात वचन सांगायला आत्म्याने मनाई केली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, मग त्रोवसात रात्री दृष्टांत झाला : मासेदोनियात ये, आम्हाला मदत कर. म्हणजे दोनदा अडवला गेला तो चालत असताना. दृष्टांतानंतरही सोबत्यांनी मिळून अर्थ लावला, मग निघाले. आणि एवढं ठळक मार्गदर्शन मिळून फिलिप्पैत काय झालं? फटके आणि तुरुंग. आणखी पुढे, इफिसातून तो करिंथकरांना लिहितो की इथे मोठं दार उघडलं आहे आणि विरोधकही पुष्कळ आहेत, म्हणून मी इथेच राहतो. दुसऱ्या पत्रात सांगतो, त्रोवसात प्रभूने दार उघडलं होतं, पण तीत नावाचा सोबती भेटला नाही, जिवाला चैन पडेना, म्हणून तिथून निघून गेलो. उघडं दार सोडून! त्याबद्दल तो माफीही मागत नाही. तुझं नाव प्रवेशयादीत लागलं तर ती आज्ञा नाही, नाही लागलं तर तो शाप नाही. आणि हा अभ्यासक्रम करून पुढे खडतर दिवस आले, तर ‘माझं ऐकणं चुकलं’ असा निष्कर्ष लगेच काढू नकोस.

घरच्या पैशांचा विषय तू शेवटच्या परिच्छेदात दोन ओळींत उरकला आहेस. माझ्या मते मार्गदर्शनाचा अर्धा भाग तिथेच आहे. देवासाठी वाहिलं, ‘कुर्बान’ केलं, असं म्हणून आईवडिलांची जबाबदारी झटकणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये चांगलंच सुनावलं आहे. तेव्हा ‘देवाच्या कामासाठी जाते’ म्हणून घरचा खर्च वाऱ्यावर सोडता येणार नाही. आणि बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हेही येशूचंच सांगणं. तू तर हिशेबाचीच माणूस आहेस. दोन वर्षांचा खर्च, हाताशी असलेली बचत, वडिलांचं निवृत्तिवेतन, भाऊ कमावता कधी होईल, वडिलांच्या औषधाचा खर्च वाढला तर काय, हे सगळं एका कागदावर मांड. मग तो कागद घेऊन प्रार्थनेला बस. आकडे जुळलेच नाहीत, तर वर्षभर थांबून बचत करणं हाही आज्ञाधारकपणाच आहे, फक्त त्याला तारीख असते. तुझ्या आत्ताच्या थांबण्याला तारीख नाही. अभ्यासक्रम अर्धवेळ करता येतो का, शिष्यवृत्ती आहे का, नोकरीतून बिनपगारी रजा मिळते का, याची चौकशी तू केलेली दिसत नाही. ती याच आठवड्यात कर.

नहेम्या रात्री निघून तटबंदी स्वतः पाहून आला होता. तशी तूही एखाद्या कर्णबधिर शाळेत परवानगी घेऊन पूर्ण दिवस बसून ये. रविवारचा एक तास आणि एक लाडका मुलगा यावरून या कामाचा अंदाज येत नाही. तोच शब्द पन्नास वेळा करून घेणं, कानातलं यंत्र काढून फेकणारं मूल, रडकुंडीला आलेले आईबाप, हे पाहा. तिथल्या एखाद्या शिक्षिकेला विचार, दहा वर्षांनीही तिला हे काम करावंसं वाटतं का. संध्याकाळी घरी आल्यावर मन कसं आहे ते लिहून ठेव, आणि आठ दिवसांनी पुन्हा. शिवाय तुला जवळून ओळखणाऱ्या आणि तुझ्या निर्णयात स्वतःचा काही फायदा-तोटा नसलेल्या एका व्यक्तीशी बोल. प्रार्थना गटात सगळ्यांसमोर हा विषय सध्या नको. दहा मतं झाली की तुला दहा खुणा मिळतील.

गाड्यांच्या नंबरांबद्दल मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवं. नंबर दिसला की अर्थ लावल्याशिवाय चैन पडत नाही, झोप उडाली आहे, चूक झाली तर देव टाकून देईल असं सतत वाटतं, असं तू लिहिलं आहेस. हा विश्वास कमी पडल्याचा प्रकार नाही. काळजीचा आजार कधी कधी श्रद्धेचे शब्द वापरून बोलतो. त्यावर उपचार होतात. समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठ, पाळकांशी बोलणं त्याच्या जोडीला ठेव. आणि तोवर बायबल डोळे उघडे ठेवून, एक पुस्तक घेऊन क्रमाने वाच.

राहता राहिली आई. तिच्याशी वाद घालू नकोस, तिचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. तिला याकोबाच्या पत्रातला चौथा अध्याय वाचून दाखव. अमुक गावी जाऊ, वर्षभर व्यापार करू, पैसे मिळवू, अशा बढाया मारणाऱ्यांना याकोब झापतो, पण ‘जाऊ नका’ असं म्हणत नाही. ‘प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि अमुक अमुक करू’ असं म्हणा, म्हणतो. अमुक अमुक करायचं त्यात आहेच. अर्ज भरताना तिला शेजारी बसव, दोघी मिळून प्रार्थना करा, आणि त्या शाळेत जाशील तेव्हा जमलं तर तिलाही घेऊन जा. तिची काळजी वचनांपेक्षा महिन्याच्या खर्चाची असेल, तर ती तिला उघड बोलू दे.

प्रवेश मिळाला तर राजीनामा देण्याआधी पुन्हा लिही. तेव्हाचा प्रश्न वेगळा असेल. आणि येताना तो आकड्यांचा कागद सोबत पाठव.